मागच्या फळीचा गोल

१७ मार्च २०१८. बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना सुरू होता. यजमान बंगळुरू एफसीचं या स्पर्धेतलं ते पहिलंच वर्ष. साखळीत ते अव्वल आलेले, आणि नवव्याच मिनिटाला सुनील छेत्रीने झेपावून मारलेल्या हेडरने त्यांना आघाडीही मिळवून दिलेली. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, हातात आलेला सामना. मग चेन्नईयिनचा ब्राझिलियन स्टॉपर मैल्सन आल्वेस आपली जागा सोडून पुढे आला. एकदा सतराव्या मिनिटाला, दुसऱ्यांदा मध्यंतराच्या तोंडावर. दोन्ही वेळा कॉर्नर होता आणि दोन्ही वेळा त्याने चेंडू डोक्याने जाळ्यात घातला. चेन्नईयिनने सामना ३-२ असा जिंकला. ज्याचं काम गोल अडवण्याचं, त्याच खेळाडूने दोन गोल करून करंडक नेला. हरलेल्या बंगळुरूच्या मागच्या फळीत मुंबईचा सत्तावीस वर्षांचा राहुल भेके होता.

बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ ला, बंगळुरू पुन्हा अंतिम सामन्यात उतरलं. या वेळी मैदान अंधेरीतलं मुंबई फुटबॉल अरेना आणि समोर एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेच्या पहिल्या सत्राच्या अखेरीस गोव्याचा मध्यरक्षक अहमद जाहू दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला. तरीही गोवा टिकून राहिलं. पेनल्टी शूटआउट अवघ्या काही मिनिटांवर आलेलं असताना बंगळुरूच्या डिमास डेल्गाडोने शांतपणे कॉर्नर घेतला, आणि गर्दीतून वर आलेल्या भेकेच्या डोक्याला लागून चेंडू आत गेला. सामना १-० असा संपला. बंगळुरूचं ते आयएसएलचं पहिलं विजेतेपद, आणि ते मिळवून देणारा गोल मुंबईच्या मुलाने मुंबईतच केला.

हे पुस्तक राहुल भेकेच्या कारकिर्दीचं आहे, आणि तिच्या आधाराने गोलकडे धाव घेणाऱ्या सेंटर बॅकचंही. आघाडीच्या खेळाडूच्या कामाचा हिशेब सोपा असतो. गोल मोजले की बरंचसं कळतं. सेंटर बॅकचं काम मात्र न घडलेल्या गोष्टींत दडलेलं असतं. न पोचलेला पास, न मारला गेलेला फटका, अर्ध्या पावलाने आधीच बंद झालेली वाट. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात यातलं काहीच येत नाही. म्हणून असा खेळाडू गोल करतो तेव्हा तो गोल अपवाद, नशीब किंवा गंमत समजून सोडून दिला जातो. पुढच्या पानांचा या समजुतीला विरोध आहे. भेकेचे महत्त्वाचे गोल एकापुढे एक मांडून पाहिले, तर ज्या नजरेने तो आपल्या गोलसमोरचा चेंडू ओळखतो, त्याच नजरेने तो समोरच्या गोलपुढचा चेंडूही ओळखतो हे लक्षात येतं. अडवणं आणि मारणं ही त्याच्यासाठी दोन वेगळी कामं नाहीत.

मागच्या माणसाने पुढे जाण्याची कल्पना नवी नाही. फुटबॉलच्या सुरुवातीच्या दशकांत मधला खेळाडू, म्हणजे सेंटर हाफ, मैदानभर फिरून हल्ला रचणारा असे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे तीनऐवजी दोनच खेळाडू असले तरी चालेल असं ठरल्यावर गोलांचा पाऊस सुरू झाला, आणि तो थोपवण्यासाठी या मधल्या माणसाला ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभं केलं गेलं. लंडनच्या आर्सेनलमध्ये हर्बर्ट चॅपमन यांनी ही रचना पक्की केली. हल्ला रचणाऱ्याचा पहारेकरी झाला, आणि पुढची चार दशकं जगभरच्या प्रशिक्षकांनी उंच, धिप्पाड मुलगा दिसला की त्याला तिथे उभं करून चेंडू लांब मारायला सांगितलं.

हा पहारा मोडला फ्रान्झ बेकेनबाउअर यांनी. इटलीच्या इंटर मिलानचा डावा बॅक जियाचिंतो फाकेत्ती कडेने पुढे जाऊन गोल करतो, तर मधून कोणी का जाऊ नये, असा विचार त्यांनी केला. बायर्न म्युनिक आणि पश्चिम जर्मनीकडून खेळताना सगळ्यांत मागे उभं राहून, चेंडू पायात घेऊन सरळ मध्यभागातून पुढे जाण्याची रीत त्यांनी रुळवली. १९७४ चा विश्वचषक त्यांच्या नेतृत्वाखाली पश्चिम जर्मनीने जिंकला, आणि १९७२ व १९७६ अशा दोन वर्षी युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘बालोन दोर’ त्यांना मिळाला. अर्जेंटिनाचा १९७८ चा विश्वविजेता कर्णधार डॅनियल पासारेला याने मागच्या फळीत राहून शंभराहून अधिक गोल केले. नेदरलँड्सचा रोनाल्ड कूमन त्याच्याही पुढे गेला. १९९२ मध्ये वेम्बलीवर बार्सिलोनाला पहिला युरोपियन चषक मिळवून देणारा जादा वेळेतला फ्री किक त्याच्याच पायातून सुटला होता. आणि २०१४ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात, वाढीव वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला सर्जिओ रामोसने मारलेला हेडर नसता, तर रिअल माद्रिदचं दहावं विजेतेपद त्या वर्षी हुकलंच असतं.

पण भारतीय वाचकाने हे उदाहरण शोधायला युरोपात जाण्याची गरज नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताचे स्टॉपर होते जर्नेल सिंग. थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. अशा अवस्थेत त्यांना मागे खेळवणं धोक्याचं होतं. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना बाहेर बसवलं नाही, थेट सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या ३-२ च्या विजयात एक गोल जर्नेल यांचा. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि काही मिनिटांतच जर्नेल यांनी दुसरा. भारत २-१ ने जिंकला. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेलं नाही. आपल्या फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या विजयांपैकी एका विजयातला निर्णायक गोल एका स्टॉपरचा, तोही डोक्याला टाके असताना केलेला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

रहीमसाहेबांना काय दिसलं होतं? जो माणूस वर्षानुवर्षं आघाडीच्या खेळाडूंना अडवतो, त्याला त्यांच्या सगळ्या खोड्या ठाऊक असतात. बचावाची कोणती चूक आघाडीला हवीहवीशी वाटते, कुठे उभं राहिलं की स्टॉपरची तारांबळ उडते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

कॉर्नरच्या वेळी हीच जाण कामाला येते. चेंडू कोपऱ्यात ठेवला जातो आणि सेंटर बॅक मध्यरेषा ओलांडून पुढे येतात. ते केवळ उंच असतात म्हणून येतात, हा समज अपुरा आहे. दिवसभर समोरून येणारे उंच चेंडू डोक्याने परतवण्याचा सराव त्यांनाच असतो. चेंडूचा वेग आणि वळण पाहून तो कुठे उतरेल हे त्यांना इतरांपेक्षा आधी कळतं. फरक शेवटच्या क्षणाचा असतो. बचाव करताना चेंडू वर आणि लांब जायला हवा, म्हणून कपाळ चेंडूच्या खालून जातं. गोल करताना तो खाली आणि कोपऱ्यात जायला हवा, म्हणून मानेचा झटका वरून खाली. धाव कधी सुरू करायची हे त्याहून महत्त्वाचं. पेनल्टीच्या ठिपक्याजवळून वळसा घेत धावत येणारा खेळाडू जागेवरून उडी मारणाऱ्यापेक्षा वर जातो. साथीदार एखाद्या पावलाने प्रतिस्पर्ध्याची वाट अडवतात आणि त्याला तेवढी फट मिळते. भेकेच्या उडीत हे सगळं बारकाईने पाहता येतं. तो उगाच गर्दीत रेटत नाही. बहुतेक वेळा तो एक पाऊल मागे राहून चेंडू येण्याची वाट पाहतो आणि शेवटी उठतो.

याची किंमतही असते. मैदान १०५ मीटर लांब. कॉर्नर फसला आणि प्रतिस्पर्ध्याने चेंडू जलद पुढे खेळवला, तर पुढे गेलेल्या सेंटर बॅकला जवळजवळ सगळं मैदान उलट धावावं लागतं. त्याच्या जागी दोन वेगवान खेळाडू मागे ठेवले जातात, पण दोन माणसांनी झाकलेलं मैदान शेवटी दोनच माणसांचं असतं. म्हणून पुढे जाणारा सेंटर बॅक हा नेहमी प्रशिक्षकाच्या विश्वासाचा प्रश्न असतो. २०१७-१८ मध्ये बंगळुरूचे प्रशिक्षक आल्बर्ट रोका अनेकदा मागे तीन खेळाडू ठेवून खेळत, आणि त्या तिघांपैकी कडेला असणाऱ्याला चेंडू घेऊन वर जाण्याची मोकळीक असे. भेकेला ती रचना मानवली. सेंटर बॅकची नजर आणि उजव्या बॅकचे पाय, हे दोन्ही त्याच्याकडे होते. त्याच्या पुढच्या कारकिर्दीतही तो या दोन जागांमध्ये फिरत राहिला.

आता तो इथवर कसा आला याकडे वळायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या फुटबॉलपटूची वाट समजून घेतल्याशिवाय ही कारकीर्द समजणार नाही. नाशिकचंच उदाहरण घ्या. हे पुस्तक वाचणारा नाशिककर तिथल्या द्वारका चौकात उभा राहिला, तर मुंबई-आग्रा महामार्ग त्याला मुंबईकडे नेतो आणि तिथूनच फुटणारा रस्ता पुण्याकडे. मुंबई इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत, पुणे सव्वादोनशेच्या आत. नाशिक जिल्ह्याने कविता राऊत हिच्यासारखी धावपटू दिली, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयन करणारा दत्तू भोकनळ दिला, पण आय-लीग किंवा आयएसएल या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये नाशिकचा संघ कधी उतरला नाही. इथल्या मुलाला फुटबॉलवर पोट भरायचं तर या दोनपैकी एका रस्त्याला लागणं भाग. आणि २०१० पासून त्या दोन्ही रस्त्यांच्या टोकाला काय झालं?

मुंबईत २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. कंपनीच्या नोकरीसोबत फुटबॉल खेळण्याची जी जुनी मुंबई पद्धत होती, ती त्यानंतर झपाट्याने विरली. २००७ मध्ये उभा राहिलेला मुंबई एफसी हा शहराचा व्यावसायिक क्लब. तिथे खालिद जमील यांच्यासारखा कडक आणि काटकसरीने संघ बांधणारा प्रशिक्षक वर्षानुवर्षं होता आणि तिथेच भेके घडला. २०१७ मध्ये संघ आय-लीगमधून खाली गेला आणि क्लबच गुंडाळला गेला. पुण्याच्या बालेवाडीत २०१४ पासून खेळणारा एफसी पुणे सिटी, जिथे भेके २०१६ च्या हंगामात आंतोनियो हाबास यांच्या हाताखाली खेळला, तोही २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. ज्या क्लबांनी त्याला वाढवलं, त्यांतले दोन आज अस्तित्वात नाहीत. बंगालमध्ये किंवा गोव्यात जन्मलेल्या खेळाडूला आपला जुना क्लब दाखवता येतो. मुंबई-पुण्याच्या खेळाडूला फक्त जुनं मैदान दाखवता येतं. ही महाराष्ट्राच्या फुटबॉलची खरी जखम आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी. तिथे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा अशा पेठापेठांच्या संघांनी शाहू स्टेडियम भरतं आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. पण पेठेचा पाठिंबा म्हणजे व्यावसायिक पगार नव्हे. अनिकेतलाही बाहेरच जावं लागलं.

भेकेची वाट कोलकात्याला गेली. ईस्ट बंगालमध्ये त्याने काही हंगाम काढले, मध्ये २०१५ ला केरला ब्लास्टर्सकडून आयएसएल खेळला, पुढच्या वर्षी पुण्याकडून. तिथल्या सॉल्ट लेक स्टेडियमवर साठ-सत्तर हजारांच्या गोंगाटात खेळण्याची सवय मुंबईत लागणं शक्यच नव्हतं, ती तिथे लागली. २०१७ मध्ये तो बंगळुरूला गेला. आयएसएलचा अंतिम सामना हरल्यानंतर साधारण महिन्याभराने, २० एप्रिल २०१८ ला भुवनेश्वरमध्ये सुपर चषकाचा अंतिम सामना होता. समोर त्याचा जुना क्लब ईस्ट बंगाल, आणि पहिला गोल त्यांचा. बरोबरी साधली ती भेकेने. त्यानंतर छेत्री आणि त्याचा साथीदार मिकू यांनी सामना ४-१ वर नेला, म्हणून तो बरोबरीचा गोल विसरला गेला. पण त्या दिवशी बंगळुरू पिछाडीवर होतं आणि महिन्यापूर्वीचा पराभव ताजा होता, हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं.

२०२१ मध्ये तो घरी परतला, मुंबई सिटी एफसीमध्ये. पुढच्या वर्षी हा संघ एएफसी चॅम्पियन्स लीगसाठी रियाधला गेला. पहिल्या सामन्यात सौदी अरेबियाच्या अल शबाबकडून ०-३ असा पराभव. ११ एप्रिल २०२२ ला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध दुसऱ्या सत्रात आधी गोल खाल्ला. मग दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेने हेडरने दुसरा गोल केला. आशियाच्या या सर्वोच्च क्लब स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. कॉर्नर घेणारा होता अहमद जाहू. तीन वर्षांपूर्वीच्या अंधेरीतल्या सामन्यात लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला, आणि त्याच्या गैरहजेरीत भेकेने करंडक जिंकलेला, तोच जाहू आता त्याचा साथीदार होता. मुंबई सिटीने तो गट दुसऱ्या क्रमांकावर संपवला. पुढे २०२२-२३ मध्ये साखळीतलं अव्वल स्थान, आणि ४ मे २०२४ ला सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ असं हरवून आयएसएल करंडक. तो करंडक कर्णधार म्हणून भेकेने उचलला. त्याच वर्षी तो पुन्हा बंगळुरूला गेला.

भारतीय संघात त्याला उशिरा जागा मिळाली, अठ्ठाविसाव्या वर्षी, जून २०१९ मध्ये थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये कुरासावविरुद्ध. तीनच महिन्यांनी दोह्यात आशियाई विजेत्या कतारला गोलशून्य बरोबरीत रोखणाऱ्या संघात तो होता. त्या संघाच्या मागच्या फळीत संदेश झिंगन, आदिल खान आणि गोव्याचा मंदार राव देसाई होते. यातल्या आदिलनेही साधारण महिन्याभराने कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध अखेरच्या मिनिटांत हेडरने बरोबरी साधून दिली. तो काळच असा होता की भारताच्या मागच्या फळीकडून गोलांची अपेक्षा धरावी लागत होती.

पुढे ती अपेक्षा नाइलाज झाली. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात भेके आणि झिंगन मध्ये खेळले. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्धचे तिन्ही सामने भारत हरला आणि एकही गोल करू शकला नाही. तिथे भेकेलाही कॉर्नरवर काही साधलं नाही, हे नोंदवायला हवं. जूनमध्ये छेत्री निवृत्त झाला. त्या संपूर्ण वर्षात भारताने एकही सामना जिंकला नाही. वर्षाच्या शेवटच्या सामन्यात, १८ नोव्हेंबरला हैदराबादच्या गच्चीबोलीत, मलेशियाने आघाडी घेतल्यावर ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर भेकेने बरोबरीचा गोल केला. मग १९ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध पहिला गोल पुन्हा त्याचाच, पुन्हा कॉर्नरवर, पुन्हा डोक्याने. भारत ३-० ने जिंकला आणि सव्वा वर्षाहून अधिक लांबलेला विजयाचा दुष्काळ संपला. निवृत्तीतून परतलेल्या छेत्रीच्या गोलने दुसऱ्या दिवशीचे मथळे व्यापले. ते स्वाभाविकच होतं. पण कोंडी फोडली होती चौतीस वर्षांच्या सेंटर बॅकने.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या पहिल्याच सामन्यात, काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानविरुद्ध, भारत २-१ ने जिंकला. दोन्ही गोल बचावपटूंचे होते, अन्वर अली आणि झिंगन यांचे. ज्या देशाला नवा छेत्री सापडत नाही, त्या देशासाठी कॉर्नर आणि मागून आलेली डोकी ही काही काळ तरी मुख्य शिदोरी असणार आहे. त्यासाठी सेट पीसचा सराव, चेंडू नेमका टाकणारा पाय आणि मागे थांबणाऱ्यांची शिस्त यांवर क्लबपातळीवर गांभीर्याने काम व्हायला हवं. आपल्याकडे शालेय फुटबॉलमध्ये उंच मुलाला मागे उभं करून ‘मार बाहेर’ एवढंच शिकवलं जातं. त्या मुलाला चेंडू छातीवर घ्यायला, पायात धरायला, कॉर्नरवर धाव कधी सुरू करायची हे ओळखायला शिकवलं, तर पुढची पिढी भेकेपेक्षा लवकर घडेल. त्याला भारताची जर्सी मिळायला अठ्ठावीस वर्षं लागली, ती लागायला नको होती.

पुस्तकाची मांडणी साधारण वर्षांच्या क्रमाने आहे. पहिला भाग मुंबई एफसीच्या काळाचा आहे, कारण जमील यांच्या हाताखाली बचाव म्हणजे काय हे तो तिथे शिकला आणि पुढचं सगळं त्या पायावर उभं राहिलं. त्यानंतर कोलकाता आणि बंगळुरू, आणि रियाधच्या सामन्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण. त्यात त्या कॉर्नरच्या वेळी कोण कुठे उभं होतं, याची आकृती दिली आहे. ज्या वाचकाला फुटबॉलची सवय नाही, त्याने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल.